सवयीचा संयम

संयम कशाला म्हणावे, हा आपल्याकडचा फार जुना प्रश्न आहे. उपवास, व्रते, चातुर्मासातील नेम यांच्या आधाराने आपल्या घरांनी त्याचे उत्तर पिढ्यानपिढ्या दिले. अलीकडे मात्र या प्रश्नाला एक वेगळेच वळण लागले आहे. स्थूलत्व कमी करण्यासाठी जठरावर करावयाची शस्त्रक्रिया आता हुबळी-धारवाडकडील जुन्या मराठी घरांनाही अपरिचित राहिलेली नाही. अशी शस्त्रक्रिया झालेला कोणी पंगतीत दोन घासांवर थांबला की शेजारच्या पाटावरून हलक्या आवाजात एक शेरा हमखास ऐकू येतो: ‘पोटच लहान करून घेतले, मग कमी जेवतात यात कौतुक कसले?’ शेरा साधा दिसतो. पण त्याच्या पोटात नीतिशास्त्रातला एक खरा प्रश्न दडलेला आहे. जो संयम करावा लागत नाही, आपोआप घडतो, तो संयम म्हणायचा की नाही?

प्रश्नाचा विचार करण्याआधी वस्तुस्थिती पाहणे इष्ट. या शस्त्रक्रियांपैकी एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात व उरलेले जठर एखाद्या अरुंद नळीसारखे राहते. दुसऱ्या, म्हणजे बायपासच्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचे भूक चेतवणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होते. पहिल्या प्रकारात तो भागच जात असल्याने भुकेची धारही काही काळ बोथट होते. आरंभी पातळ पदार्थ, मग दाट पेये, मग कुस्करलेले व मऊ अन्न, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, अशा पायऱ्यांनी रुग्ण पुन्हा ताटाशी येतो. ताट तेच असते. नियम मात्र बदललेले असतात. घास लहान घ्यायचा. तो पुष्कळ चावायचा. वरण, उसळ, दही, अंडे असे प्रथिनांचे पदार्थ आधी, भाजी त्यानंतर, भात-भाकरी शेवटी. दिवसाकाठी साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. पाणी जेवणाबरोबर नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. गोड जपून; बायपास झालेल्यास तर गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, मळमळ होऊ शकते. आणि ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर. नेमके प्रमाण ज्याचे त्याच्या वैद्याने ठरवावयाचे. आम्हांला येथे विचार करायचा आहे तो या नियमांच्या स्वरूपाचा.

वरील शेरा मारणाऱ्याची समजूत अशी असते की शस्त्रक्रियेने हे सारे कायमचे साधून दिले. तसे नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांपर्यंत घटले. दहा वर्षांनंतर ही घट मूळ वजनाच्या २५ टक्क्यांवर स्थिरावलेली दिसली. लाभ मोठाच आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाणही तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले. परंतु काही वजन परत येते, हेही तितकेच खरे. भूक हळूहळू जागी होते, जठर थोडे सैलावते, आणि चिवडा, आइस्क्रीम, सरबत असे पदार्थ लहान पोटातूनही विनाअडथळा खाली उतरतात. म्हणजे शस्त्रक्रिया माणसाला संयम देत नाही. ती त्याला अवकाश देते, एखाद-दोन वर्षांचा. त्या अवकाशात नवी सवय रुजली तर ती पुढे टिकते. न रुजली तर जुनी सवय आपल्या घरी परतते. तेव्हा ‘त्यात कौतुक कसले’ या शेऱ्याचा अर्धा जोर येथेच ओसरतो.

उरलेला अर्धा जोर अधिक विचार करायला लावणारा आहे. समजा, सवय रुजली. दोन घासांनंतर हात आपसूक थांबू लागला, मनात झगडाही उरला नाही. मग त्या माणसाच्या पुण्याईत काही भर पडली का? आपल्या मनावर संघर्षाच्या नीतीचा पगडा मोठा आहे. ज्याने जिभेशी झुंज घेतली तो थोर. ज्याला झुंजावेच लागले नाही तो केवळ नशीबवान, असे आपल्याला वाटते. जर्मन तत्त्वज्ञ कांट यालाही केवळ सवयीने घडलेल्या सत्कृत्याला नैतिक मूल्य द्यावेसे वाटत नव्हते. याउलट अॅरिस्टॉटलने दोन माणसे वेगळी केली. एकाला मोह होतो, पण तो त्यास आवरतो; दुसऱ्याला योग्य तेवढ्यातच समाधान असते. लोक पहिल्याला टाळ्या देतील. अॅरिस्टॉटलने वरचे स्थान दुसऱ्याला दिले. संयमी माणसाला संयमाचा त्रास वाटत असेल तर तो अजून वाटेवरच आहे, असा त्याचा आशय. आणि दुसऱ्या अवस्थेला पोहोचण्याचा मार्ग त्याच्या मते एकच: तेच कृत्य पुनःपुन्हा करणे.

आम्हांला अॅरिस्टॉटलची बाजू पटते, आणि त्याचे कारण शोधायला ग्रीसला जावे लागत नाही. हुबळीहून कुंदगोळपर्यंत गेले तरी पुरे. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जात. कंजूष माणूस पैसा मोजून खर्च करतो तसे स्वर जपून वापरावेत, म्हणजे ऐकणाऱ्याला प्रत्येक बारकावा कळतो, अशी गुरूंची शिकवण असल्याचे त्या सांगत. आता मैफलीत बसलेला गायक प्रत्येक स्वराला ‘मी तुला आवरतो’ असे म्हणत नसतो. ते आवरणे त्याच्या गळ्यात भिनलेले असते. मग त्या काटकसरीचे श्रेय गायकाचे नव्हे, गळ्याच्या सवयीचे, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? उलट, सवय झाली म्हणूनच गायकाचे लक्ष रागाच्या भावाकडे जाऊ शकते. रियाजाने मन बांधले जात नाही, मोकळे होते. जेवणाचेही तेच. ज्याला प्रत्येक घासाशी वाद घालावा लागतो त्याचे सारे आयुष्य ताटाभोवती फिरत राहते. ज्याचा वाद संपला, त्याला समोरच्या माणसाशी बोलण्याची उसंत मिळते.

आणखी एक गोष्ट. सवय आपोआप चालते. ती आपोआप लागत नाही. निवड आधी होऊन गेलेली असते. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी गांधीजींनी दिवसाच्या चोवीस तासांत पाचांहून अधिक जिन्नस न खाण्याचे व अंधार पडल्यावर न जेवण्याचे व्रत घेतले. अशा व्रताचे मर्म त्याच्या कठोरपणात नाही. एकदा निर्णय घेतला की रोज नव्याने घासाघीस करण्याचे कारण उरत नाही, हे त्याचे मर्म. शस्त्रक्रियेसाठी टेबलावर पडणारा माणूस अशीच एक निवड करतो. धोका पत्करतो, पूर्वीच्या आपल्या खाण्याला निरोप देतो, आणि पुढच्या आपल्या स्वभावाची तजवीज आधीच करून ठेवतो. हा पळपुटेपणा नव्हे.

मात्र सवयीचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाढलेले वजनही बऱ्याच अंशी सवयीचेच देणे असते. चार वाजता चहाबरोबर फरसाण, संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी, उरलेले वाया जाऊ नये म्हणून घरच्या बाईने उभ्याउभ्या संपवलेले पातेले, यांतले काहीच कोणी विचारपूर्वक करीत नाही. शरीराची घडण, अनुवंश, काही आजार व औषधे यांचा वाटाही मोठा असतो. सारा दोष जिभेवर टाकणे अन्यायाचे आहे. तरी यंत्रवत खाण्याने जी गाठ बसली ती पुन्हा यंत्रवत खाण्यानेच सोडवायची, हे जरा विपरीत वाटते. आमचे उत्तर असे: चौकट सवयीची असावी, चव जागेपणाची. केव्हा बसायचे, कशाने आरंभ करायचा, किती वाढायचे, केव्हा उठायचे, हे ठरून गेलेले बरे. पण घास तोंडात असताना मन तेथेच असावे. लहान जठराच्या माणसाला सावकाश चावल्यावाचून गत्यंतर नसते, आणि म्हणूनच वरणातल्या हिंगाची चव कित्येक वर्षांनी प्रथमच कळली, असे त्याला वाटले तर नवल नाही. गोळ्यांच्या बाबतीत तर सवयीला पर्यायच नाही. भूक ओरडून सांगते. ब-१२ ची उणीव बराच काळ मुकी राहते. जेथे शरीर हाक देत नाही तेथे सवयीनेच हाक द्यावी लागते.

ही सवय लागते कशी? लंडनमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एखादे साधे कृत्य अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. मात्र व्यक्तीव्यक्तींत हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्यातली दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते: एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही. आपण खाण्याच्या चुकीला फार लवकर ‘पाप’ म्हणतो, आणि पाप घडलेच आहे तर मग पूर्णच घडू दे, असे मन म्हणू लागते. एक चुकलेले जेवण हे एक चुकलेले जेवण असते. त्याहून मोठे नाव त्याला देऊ नये.

सवयीला खूण लागते. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्याला घड्याळाची खूण उपयोगी पडत नाही, कारण या आठवड्यातली जेवणाची वेळ पुढच्या आठवड्यात झोपेची असते. त्याने खूण घटनेची धरावी: पाळी सुटून घरी आल्यावर हातपाय धुतले की आधी उसळीची वाटी, दात घासले की गोळी, ताट उचलले की घड्याळ पाहून अर्ध्या तासाने पाणी. आपल्या पूर्वजांना हे तत्त्व ठाऊक होते, जरी त्यांनी त्याला मानसशास्त्र म्हटले नाही. ज्या घरांत आपोशन घेऊन जेवणाला आरंभ करीत त्या घरांत शेवटी उत्तरापोशनही असे. तळहातावरचे ते घोटभर पाणी प्राशन केले की जेवण संपले. त्यानंतर वाढायला येणाऱ्याचा हात आपोआप मागे जाई. ज्या घरांत हा विधी नव्हता तेथेही हात धुऊन पाटावरून उठणे हीच समाप्ती होती. आज टेबलावर दूरचित्रवाणीसमोर चालणाऱ्या जेवणाला ना आरंभ आहे ना शेवट. विधी पुन्हा आणा, असे आम्ही म्हणत नाही. जेवणाला शेवटाची खूण असावी, एवढेच म्हणतो.

आणि सवय परिसरातून येते, याला तर आपण स्थायिक मराठी कुटुंबेच जिवंत पुरावा आहोत. कोणी पेशवाईत आले, कोणी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात असताना नोकरीपेशाने आले. येथे आल्यावर सभा भरवून कोणी ठराव केला नाही की यापुढे पातळ, कडक रोट्टी खावी, भरल्या वांग्याला एण्णेगाई म्हणावे, ताटात शेंगाचटणी असावीच. भोवती ते होते, शेजारणीने दिले, बाजारात मिळाले, आणि दोन पिढ्यांत ते आपले झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची सीमा बदलली; स्वयंपाकघरे त्याच्या कितीतरी आधी बदलून गेली होती. माणसाची जीभ त्याच्या निश्चयापेक्षा त्याच्या शेजाराचे अधिक ऐकते. हे खरे असेल, तर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची नवी सवय ही त्याच्या एकट्याच्या निश्चयावर उभी राहू शकत नाही. ती घराच्या आधाराने उभी राहते किंवा घराच्या धक्क्याने पडते.

येथे प्रश्न त्याच्या नीतीचा न राहता आपल्या नीतीचा होतो. आपल्याकडे प्रेमाचे एक अत्यंत रूढ रूप म्हणजे आग्रह. ‘एवढी एक पोळी तरी घ्या’, ‘माझी शपथ आहे’, ‘आता काय, आमच्या हातचे आवडेनासे झाले का?’ या वाक्यांत वात्सल्य आहे, यात संशय नाही. त्यात आणखीही काही आहे. वाढणाऱ्याच्या मोठेपणाची पावती घेणाऱ्याच्या पोटातून वसूल केली जाते. निरोगी माणसाला त्याने फार तर जडपणा येईल. ज्याच्या जठरात आता जेमतेम वाटीभर मावते त्याला ओकारी होईल, वेदना होतील, आणि सर्वांदेखत उठून जावे लागेल. मग तो पंगतीलाच येईनासा होतो. वजन उतरवताना माणसे गमावण्याची पाळी त्याच्यावर यावी, हे आपल्या आतिथ्याला शोभत नाही.

ज्याला आपला बदल लपवावा लागतो त्याची सवय नेहमी पाहुण्यासारखी बिचकत राहते, हेही लक्षात घ्यावे. या दृष्टीने सार्वजनिक जीवनातील एक उदाहरण उल्लेखनीय आहे. खाण्याचे दर्दी म्हणून प्रसिद्ध असलेले नागपूरचे नितीन गडकरी यांच्यावर २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली, आणि ती गोष्ट झाकून राहिली नाही. पुढे २०२२ मध्ये उज्जैनच्या जाहीर कार्यक्रमात, तेथील खासदारांना वजन कमी करण्यास सांगताना, आपले वजन पूर्वी १३५ किलो होते व आता ९३ आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले. राजकारणाशी येथे आम्हांला कर्तव्य नाही. एका खवय्याने भर सभेत आपल्या वजनाचा आकडा सांगावा आणि त्यात त्याला कमीपणा वाटू नये, एवढेच ध्यानात घेण्याजोगे. आपल्या घरांत मात्र अजून ‘पित्ताचा त्रास आहे’ असे सांगून वेळ मारून न्यावी लागते. सुनेची शस्त्रक्रिया झाली असेल तर अधिकच.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो भावनेचा असला तरी हलका नाही. परप्रांतात पिढ्या काढलेल्या घरांची मराठी हळूहळू पातळ होत गेली. नातवंडे कन्नड आणि इंग्रजी सफाईने बोलतात. आजीशी बोलताना अडखळतात. आजीजवळ त्यांना देण्यासारखे जे उरले आहे ते होळीच्या पुरणपोळीत, संक्रांतीच्या गुळपोळीत, चतुर्थीच्या मोदकात. ते ताट कोणी सारले तर तिला पदार्थ नाकारल्याचे दुःख होत नाही; आपली भाषाच परत केल्यासारखे वाटते. या दुःखाला ‘आरोग्याच्या दृष्टीने’ असे कोरडे उत्तर देता येणार नाही.

परंतु विचार केला तर असे दिसते की आपल्या पूर्वजांनी सोबत आणलेली वस्तू पुरणपोळी ही नव्हती. गव्हाऐवजी जोंधळा आला, तेलाची चव बदलली, धारवाडी पेढा नैवेद्यात शिरला, तरी घर मराठीच राहिले. कारण पानाभोवती बसण्याची, विचारपूस करण्याची, नावाने हाक मारून वाढण्याची रीत टिकली. ती रीत पाव पोळीतही मावते. एका पोळीचे चार तुकडे करून चौघांत वाढले तर सण उणा होत नाही. आजीने ‘खा’ म्हणण्याऐवजी ‘बस जरा माझ्याजवळ’ म्हटले तर भाषा अधिकच टिकेल, कारण जेवताना तोंड भरलेले असते आणि बसल्यावर बोलणे होते.

म्हणून प्रारंभीच्या शेऱ्याला आमचे उत्तर असे: आपोआप घडणारा संयम हा कमी प्रतीचा नव्हे, तो मुरलेला संयम आहे. आणि तो एकट्याचा नसतो. त्यात वैद्याचा हात असतो, रोज वेळेवर उसळ शिजवणाऱ्याचा हात असतो, आणि दुसऱ्यांदा न वाढता मागे घेतलेला हातही असतो. यांतला तिसरा हात आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहे, आणि त्याला कोणत्याही शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही. येत्या सणाला पंगत बसेल तेव्हा वाढण्यापूर्वी ‘किती वाढू?’ असे विचारावे, आणि जे उत्तर येईल ते खरे मानावे. साठ-सत्तर दिवसांत नसली, तरी एखाद-दोन वर्षांच्या सणावारांत ही सवय आपल्यालाही लागेल.